मंठ्याचा पर्गेसा

जालन्याला चालले आहे असं म्हटल्यावर आमच्या कुडाळात पहिल्या शेजारणीनं विचारलं, "कोण गेलं?" कोकणातला माणूस इतक्या लांब मराठवाड्यात लग्नाला जातो नाहीतर मयताला, तिसरं कारण त्याला सुचत नाही. मी पतंग बघायला चालले होते. उडवायचा नव्हे, दिव्यावर येतो तो. हे सांगितल्यावर शेजारीण गप्प बसली आणि संध्याकाळपर्यंत आळीत बातमी पसरली की निवृत्तीनंतर बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

त्या पतंगाचं शास्त्रीय नाव पर्गेसा. मराठीत त्याला नाव नाही, कारण मराठी माणसानं त्याच्याकडे कधी धड पाहिलेलं नाही. हॉक मॉथ म्हणतात त्या घराण्यातला हा. बोटभर अंग, रंग पोपटी, पंखांच्या मधोमध वाळक्या पानासारखा तपकिरी पट्टा. दिवेलागणीला फुलासमोर हवेत थांबतो आणि लांब सोंडेनं मध पितो. ओल्या, दाट रानातला जीव. त्याच्या अळ्या अळू खातात. आमच्याकडे परसातल्या अळूवर त्या हमखास असतात आणि बायका त्यांना चपलेनं मारतात. थोडक्यात, कुडाळच्या माणसानं पर्गेसा बघायला जालन्याला जाणं म्हणजे खुळेपणाच. पण प्रश्न पर्गेसा बघण्याचा नव्हता, तो तिथे बघण्याचा होता.

वंदना मंठ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्याजवळच्या आंबोलीला शिक्षकांचं निसर्ग शिबिर झालं, जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेलं म्हणून तिथे मी पतंगांवर बोलायला गेले होते. पांढऱ्या चादरीसमोर दिवा लावून आम्ही बसलो होतो. जेवणाची हाक आली तशी बाकी सगळी मंडळी उठली, ही एकटी चादरीला नाक लावून बसून राहिली. तेव्हा तिनं पहिला पर्गेसा पाहिला. मला तशी माणसं आवडतात. पुढे मीच तिला आमच्या पतंगवाल्यांच्या ग्रुपवर घेतलं.

या पावसाळ्यात तिनं त्या ग्रुपवर एक फोटो टाकला. अळूच्या पानाखाली टेकलेला पर्गेसा, आणि खाली ठिकाण, तालुका मंठा, जिल्हा जालना. ग्रुपचे प्रमुख पुण्यातले एक गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. माणूस अभ्यासू आहे, हे मला मान्यच करावं लागतं. त्यांनी लिहिलं, "फोटो सुंदर. पण हा आंबोलीचा दिसतो. ठिकाण तपासून लिहावे." वंदनानं लिहिलं, मंठ्याचाच आहे, सासरच्या न्हाणीमागे अळू आहे त्यावर बसला होता. त्यावर सर म्हणाले, "नोंदी हा गमतीचा विषय नाही." मग बाकीच्यांनी त्याखाली अंगठे दाखवले. आमच्या ग्रुपवर धाडस म्हणतात ते याच आकाराचं असतं.

तिनं नंतर अळ्यांचे फोटो टाकले, तर अळी कुठलीही असू शकते असं उत्तर आलं. एक कोश जपून ठेवला, तर तो सुकून मेला. मग तिनं लिहिणंच थांबवलं आणि मला फोन केला. "म्याडम, मी आयुष्यात कोनाला खोटं बोलले न्हाई. शाळेत पोरांना तेच शिकवते. तुम्ही येऊन बघा. तुम्ही सांगितलं तर मानतेत."

त्याच आठवड्यात सरांचाही फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "ताई, त्या बाईंना तुम्ही ओळखता ना? आडनाव काय हो त्यांचं?" मी सांगितलं. पलीकडून नुसतं "हं" आलं. तो हं मला कळला, तुम्हालाही कळला असेल. मी फोन ठेवला आणि तिकिटाच्या मागे लागले.

जालना

दोन गाड्या बदलून जालन्यात उतरले. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की माझी छत्री कोणीतरी नेली, आणि जालन्यात उतरल्यावर लक्षात आलं की तिची तशी गरजही नव्हती. भाद्रपद सरत आला होता. ऊन असं की आमच्याकडे ते मेमध्येसुद्धा एवढ्या उघडपणे पडत नाही. कोकणात उन्हाच्या आणि आपल्या मधे नेहमी एखादं झाड असतं.

वंदनाचा नवरा संतोष स्टेशनवर आला होता. तो एमआयडीसीतल्या एका सळयांच्या कारखान्यात कामाला आहे. मंठा रोज जायला-यायला लांब, म्हणून जालन्यातच मस्तगडला दुकानांच्या वर एक खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला गावी जातो. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. कोकणातली माणसं भाकरी खात नाहीत अशी त्याची समजूत होती, म्हणून त्यानं स्वतः माझ्यासाठी भात आणि वरण केलं होतं. भात कच्चा होता. मी तो सगळा खाल्ला.

"तुमचा विश्वास आहे का तिच्यावर?" मी जेवताना विचारलं. नवऱ्याला विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण मला सवय आहे.

"माहा विश्वास घेऊन ती काय करंल, म्याडम?" तो म्हणाला. "तिला त्या पुण्यावाल्या सरांचा पायजे. तवापासून धड जेवून न्हाई राह्यली. मोबाईल बघती अन् ठेवून देती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला कारखान्याच्या फाटकाशी घेऊन गेला. ते त्यानंच सुचवलं होतं. फाटकावर मोठाले दिवे आहेत आणि रोज सकाळी त्यांच्याखाली पाखरांचा सडा पडलेला असतो, असं तो म्हणाला. खरंच होता. झाडूवाल्यानं एका बाजूला ढीग लावला होता, पंख, पाय, अर्धवट हलणारे किडे. आत भट्टीत तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. मी चक्क ढिगाशेजारी उकिडवी बसले आणि काडीनं उकरायला लागले. पाळीवर येणारे कामगार मोटारसायकली हळू करून बघत होते. संतोष माझ्या बाजूला पाठमोरा उभा राहिला, मला वाटतं आडोसा म्हणून.

ढिगात तिळावरचा एक मोठा हॉक मॉथ सापडला, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला. पर्गेसा नव्हता. पण ऑफिसच्या पायऱ्यांवर शोभेच्या कुंड्या होत्या, आणि त्यात अळूच्याच कुळातली रंगीत पानं, लाल ठिपक्यांची.

"ह्या कुंड्या कुठून आल्या?"

"आंध्रातून गाडी येती नर्सरीची. मालकानं घेतल्या. समद्या एमआयडीसीत त्याच हायेत."

एका पानाची कड कुरतडलेली होती. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण मला मनात चित्र दिसलं, दमट नर्सरीतून कुंडीच्या मातीत झोपून आलेला एखादा कोष, आणि त्यातून निघालेला जीव या लोखंडी गावात हिरवं काहीतरी शोधत फिरणारा. इथे येणाऱ्या पुष्कळ माणसांचंही असंच होत असेल. असो.

मंठ्याच्या वाटेवर

संतोषनं सुट्टी टाकली होती. मोटारसायकलवर बसायची माझी तयारी होती, त्याची नव्हती, म्हणून बसनं निघालो. वाटूर फाट्यावर चहा घेतला. चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. दोन्ही बाजूंना कापूस, पिवळं पडत आलेलं सोयाबीन, मधूनच मोसंबीच्या बागा. काही शेतांत पांढऱ्या जाळीचे तंबूच्या तंबू उभे होते. हे बियाण्याचे प्लॉट, संतोष म्हणाला. आत बाया चिमटा घेऊन एकेका फुलाचं लग्न हातानं लावतात. माशी, भुंगा, पतंग, कोणी आत जाता कामा नये.

"भेसळ झाली का कंपनी माल घेत न्हाई," तो म्हणाला. "बाहेरचं बिलकुल चालत न्हाई."

आमच्याकडे फुलांची लग्नं वाऱ्यावर सोडलेली असतात आणि त्यांचं बरं चाललेलं असतं. पण ज्याच्या घरी जेवायला चाललो त्याच्या गावाला शहाणपण शिकवू नये, एवढं या वयात मला कळतं.

चमकोरा

वंदनाचं सासर मंठ्याच्या पुढे एका लहान गावात आहे. सिमेंटच्या दोन खोल्या, पत्र्याची पडवी, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तसबिरीला ताजा हार. अंगण इतकं स्वच्छ झाडलेलं की चप्पल फाटकाबाहेरच काढावी की काय असं वाटलं. वंदनाच्या सासूबाई, कौसाबाई, पदर सावरत पुढे आल्या. काटक, उंच बाई. वंदना शाळेतच होती, चाचणी परीक्षा सुरू होती, तिला सुट्टी मिळाली नव्हती. ती चार वाजता येणार होती.

मला आल्या आल्या न्हाणीमागे धावावंसं वाटत होतं. पण मी स्वतःला आवरलं. हा पतंग तिचा होता, दाखवायचा मान तिचा. ती आल्यावर तिच्याबरोबरच जायचं असं ठरवून मी हातपाय धुतले ते पुढच्या नळावर.

ताट वाढण्याआधी कौसाबाई दारात उभ्या राहिल्या. "म्याडम," त्या म्हणाल्या, "आमच्या हातचं चालंल न्हं?"

त्यांनी हे अगदी सरळ विचारलं, पाणी गरम करू का असं विचारावं तसं. या बाईला हा प्रश्न किती वेळा विचारावा लागला असेल, आणि किती जणांनी उपास आहे, पोट बरं नाही असं सांगितलं असेल. मी म्हटलं, "चालेल काय विचारता, मावशी? मला भूक लागली आहे. वाढा लवकर."

ज्वारीची गरम भाकरी, येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी, शेंगदाण्याचा ठेचा, आणि ताटाच्या उजव्या अंगाला तळलेल्या अळूवड्यांची चळत. आमच्याकडे अळूवडीत गूळ-खोबरं असतं, यांच्यात तीळ आणि भरपूर लसूण. तिखट, कुरकुरीत, उत्तम. तो प्रश्न डोक्यात होता म्हणून मी जास्तच खाल्लं. प्रत्येक वेळी त्या विचारत, "अजून?" आणि प्रत्येक वेळी मी ताट पुढे करत होते, जणू माझ्या जातीच्या सगळ्या लोकांचं न खाणं मला एकटीलाच फेडायचं होतं. कौसाबाईंचा चेहरा फुलत गेला. शेवटी मी पडवीत सतरंजीवर आडवी झाले आणि मला झोपही लागली.

जाग आली ती वंदनाच्या चपलांच्या आवाजानं. खांद्याला पर्स, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मला बघून तिचं तोंड असं उजळलं की मीच ओशाळले. पाया पडली, आणि पर्स न ठेवताच म्हणाली, "चला म्याडम, आधी दाखवते. सकाळी अळ्या मोजल्या तवा सगळ्या जागेवर व्हत्या. एक तर बिलकुल शेवटच्या टप्प्यावर हाय, आजउद्या कोशात जाईल." मी उठून चष्मा शोधेपर्यंत ती घराच्या मागे गेलीसुद्धा.

परत आली तेव्हा हातात गठ्ठा तसाच होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "चमकोरा कुठं गेला?"

चमकोरा म्हणजे अळू. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, पण कळायला वेळ लागला नाही.

"म्याडमला वड्या केल्या की," कौसाबाई म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. "कवळी पानं वड्यांना घेतली, जून व्हती ती बकरीला टाकली."

"मी सांगितलं व्हतं, म्याडम चमकोरा बघायला येनार हायेत."

"आगं, यवढ्या लांबून कोन नुस्तं बघाया येतं? त्याहीच्याकडं लई आवडीनं खातेत म्हनं, तूच बोलली व्हती." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "अळ्या लई झाल्त्या, म्याडम. हिरव्यागार, बोटायवढ्या. हात लावला का डोकं फुगवून सापावानी डोळे वटारायच्या. पर म्या एकेक वेचून चुलीत टाकली अन् पान न् पान धुतलं. तुमी बिलकुल घोर करू नका. खालचा पालापाचोळा बी झाडून काढला. पाव्हनं येनार, मागं घान कशाला?"

डोकं फुगवून सापासारखे डोळे वटारणारी हिरवी अळी. पर्गेसाचं याहून चोख वर्णन मी वर्गात कधी केलं नव्हतं. साक्ष होती, अगदी अचूक, फक्त ती चुलीच्या राखेतून बोलत होती.

वंदना ओरडली नाही. तिनं गठ्ठा खाली ठेवला, पडवीच्या खांबाला टेकून बसली आणि माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मला ओकारी येईल असं वाटलं, आणि ती येऊ नये म्हणून मी दात आवळून बसले, कारण कौसाबाई बघत होत्या आणि त्यांनी तिचा अर्थ वेगळाच लावला असता. राग मला भयंकर आला होता. पण तो काढायचा कोणावर? या घरात जे उत्तम हिरवं होतं ते त्यांनी पाहुणीच्या ताटात वाढलं होतं. आणि ज्याच्यावर काढायला हवा तो पुण्यात पंख्याखाली बसून नोंदी तपासत होता.

मी मागे जाऊन पाहिलं. न्हाणीच्या सांडपाण्याचा एक लहानसा चर, त्यात कापलेले देठ, त्यांतून अजून पाणी गळत होतं. साऱ्या गावात ओल होती ती एवढीच. एका घराच्या आंघोळीच्या पाण्यावर रानातला पतंग इथे टिकला होता.

उकिरडा

पालापाचोळा उकिरड्यावर गेला होता, आणि पर्गेसा कोश करतो तो पाल्यातच. म्हणजे थोडी आशा होती. मी तसं म्हटलं मात्र, वंदना पदर खोचून उकिरड्यावर चढली. मीही चढले. संतोष फावडं घेऊन आला तर ती त्याच्यावर खेकसली, "फावडं नको. हातानं."

कौसाबाई जरा वेळ बघत उभ्या राहिल्या. त्यांना एवढं कळलं होतं की काहीतरी चुकलं आहे. "काय धुंडून राह्यल्या तुमी? देवाचा किडा हाय का त्यो?"

"न्हाई, आत्याबाई," वंदना मान वर न करता म्हणाली. "माहा हाय."

तेव्हा त्या बाईही पाय दुमडून आमच्याशेजारी बसल्या आणि शेणात हात घातला. आम्ही तिघी ते सगळं चाळत राहिलो, राख, शेण, कांद्याची सालं, अळूचे तंतू. एकदा कौसाबाई पुटपुटल्या, "मला आदुगर सांगायचं तरी." वंदना म्हणाली, "सांगितलं व्हतं, आत्याबाई," आणि ते खरंच होतं.

ऊन उतरत आलं तेव्हा वंदनाला कोश सापडला. वाळक्या पानाच्या घडीत, विरळ रेशमाच्या जाळीत, करडा-तपकिरी, करंगळीएवढा. तिनं तळहातावर घेतला आणि त्याची शेपटी वळवळली. जिवंत होता. मी इतक्या जोरात हसले की बकरी दचकली. वंदना रडत होती आणि शेणानं भरलेल्या मनगटानं नाक पुसत होती. कौसाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

इथपर्यंत सगळं अजून सावरण्यासारखं होतं.

नुसत्या कोशावरून जात छातीठोक सांगता येत नाही, पतंग बाहेर यावा लागतो. त्याला आठवडा लागेल, कदाचित दोन. माझं परतीचं तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मी म्हटलं, "हा मी घेऊन जाते."

वंदनाचा घास हातात राहिला. "हितंच राहू द्या ना, म्याडम. मी रोज पानी शिपडते."

"मागचा कोश तुझ्याकडे सुकून मेला, तूच सांगितलंस ना? इथली हवा कोरडी आहे आणि ऊन वाढत जाणार. आमच्याकडे तो शंभर टक्के निघेल."

"पर हितं निघाला तर..." ती थांबली. "ते सर काही तरी म्हनतील."

"काय म्हणतील? माझ्या हातानं घेऊन चालले आहे, माझ्या डोळ्यांसमोर उकिरड्यातून निघालाय. मला खोटं ठरवायची हिंमत आहे का त्यांची?"

तिनं घास ताटात परत ठेवला. मॅडमना उलटून बोलायची तिला सवय नव्हती. मीच एकदा म्हटलं असतं की राहू दे, मीच आठ दिवस थांबते, तर त्या घरात मी कोणाला जड झाले नसते. पण पाठ दुखत होती, उकाडा सहन होत नव्हता, घरची पाण्याची टाकी, मांजर, असली हजार कारणं माझ्यापाशी होती. सगळ्यांत मोठं म्हणजे, मला माझ्या शब्दाची फार खात्री होती. ज्यांच्या शब्दाला आयुष्यभर किंमत मिळत आलेली असते त्यांना ती खात्री असते.

निघताना वंदनानं प्लॅस्टिकच्या डब्यात न्हाणीमागची ओली माती भरली, वर पाला घातला, झाकणाला दाभणानं भोकं पाडली. कौसाबाईंनी दुसऱ्या डब्यात धपाटे दिले. "पुढच्या टायमाला या, चमकोरा लावून ठेवते," त्या म्हणाल्या, आणि मग काही आठवून त्यांनी जीभ चावली. बस हलली तेव्हा वंदना माझ्या तोंडाकडे नाही, हातातल्या डब्याकडे बघत होती.

घरी

तो निघाला. मी म्हटलं होतं तसाच, शंभर टक्के, एका सकाळी. डब्याच्या कडेला चढून त्यानं पंख पसरले, चुरगळलेला कागद सरळ व्हावा तसे ते हळूहळू सुटत गेले, आणि त्यांवर तो पोपटी रंग आला. एवढा देखणा पर्गेसा मी पाहिला नव्हता. चाळीस वर्षांचा धंदा माझा, तरी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. खाली सविस्तर लिहिलं, कोश कुठे मिळाला, कसा मिळाला, कोण कोण होतं. शेवटी, ही नोंद वंदनाची आहे.

सरांचं उत्तर आलं. "अभिनंदन, ताई. पण कुडाळमध्ये पर्गेसा निघाला यात विशेष ते काय?" पुढे टाळ्या वाजवणारे हात.

मी फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुमच्या परसात अळू आहे, घरात अळ्या येतात, हे तुम्हीच ग्रुपवर कितीदा लिहिलंय. डबा तुमच्या घरात होता. एखाद्या विद्यार्थ्यानं असा पुरावा आणला असता तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी नोंद फेटाळली असती. तो माणूस बरोबर बोलत होता. खोटं ठरवायला त्याला मला खोटं म्हणावंही लागलं नाही. आंबोली आणि मंठा यांतल्या अंतरावरच सगळा वाद होता, आणि ते अंतर मी स्वतःच्या हातांनी पुसून आले होते. फोन ठेवेपर्यंत पतंग डब्यावरून उडून परसातल्या अळूत गेला होता. तिथे तसे पुष्कळ आहेत. कुठला तो मलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी वंदनाचा फोन आला. तिनं सगळं वाचलं होतं. मी काही तरी समजावायला लागले, तिनं मधेच थांबवलं.

"लई देखना निघाला, म्याडम," ती म्हणाली. "पर आता त्यो तुमच्याकडचा झाला."

"पुढच्या पावसाळ्यात..." मी म्हटलं.

"आत्याबाईनी चमकोऱ्याच्या जागेवर फरशी बसवून घेतली. म्हनल्या, पुन्हा कोनाला दुखवायला नको." मग पोरं आल्याचं सांगून तिनं फोन ठेवला.

त्याच रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली. कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी साताऱ्याहून एका पतंगाचा फोटो टाकला, सरांनी जात ओळखली आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी अजून त्या ग्रुपवर आहे.